कपडे गरम निघतात, पण वाळत नाहीत

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीत अकराव्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी जूनमध्ये सहा किलोचा, गरम हवा बाहेर सोडणारा ड्रायर घेतला. तो ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर भिंतीला लावलाय. मागचा पावसाळा फार सुखात गेला, तासाभरात कपडे कडकडीत वाळायचे. यंदा मात्र अडीच-तीन तास फिरवूनही कपडे हाताला गरम लागतात, पण घडी घालायला घेतले की ओलसर. घरात पाच महिन्यांची मुलगी आहे, तिची दुपटी आणि लंगोट रोजचेच. टेक्निशियन आला, मशीन न उघडताच ‘हीटर गेलाय, साडेचार हजार होतील’ म्हणाला. त्यातच दोनदा सकाळी ड्रायर चालू असताना एमसीबी पडली. बाल्कनीच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत. कबुतरं आणि पावसाची झड यांना कंटाळून दिवाळीनंतर आम्ही बाल्कनीला काचेचं स्लायडिंग बसवून घेतलं. बाहेरची दमट हवा आत नको म्हणून ते बंदच ठेवतो. नवरा म्हणतो, मशीन विकून टाकू. सासूबाई म्हणतात, दांडीवरच वाळत घालत जा. हीटर बदलू की मशीनच?
एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, ते साडेचार हजार अजून कुणालाही देऊ नका. हीटर पूर्ण गेला असता तर तीन तास फिरून कपडे गार निघाले असते. तुमचे गरम निघतायत, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे उष्णता तयार होतेय, ती कपड्यांपर्यंत पोचतेय, आणि तरीही पाणी कपड्यांतून जात नाहीये. का, याचं उत्तर मला तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळींमध्ये दिसतंय. मागच्या पावसाळ्यात आणि या पावसाळ्यात तुमच्या घरात एक मोठा बदल झालाय. स्लायडिंग.

ड्रायर वाळवतो तो उष्णता आणि वाहती हवा या दोघांच्या बळावर. उष्णतेनं कपड्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ उचलून बाहेर नेण्याचं काम हवा करते. तुमच्याकडे आहे तो व्हेंटेड प्रकारचा ड्रायर. तो खोलीतली हवा आत ओढतो, तापवतो, फिरणाऱ्या ड्रममधून नेतो आणि ओली झालेली हवा बाहेर फेकतो. तीन किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमधून पिळून निघतात तेव्हा त्यांच्यात साधारण दोन लिटर पाणी उरलेलं असतं. प्रत्येक फेरीला हे दोन लिटर पाणी वाफ होऊन ड्रायरच्या तोंडातून तुमच्या बाल्कनीत येतं. गेल्या वर्षी बाल्कनीला नुसतं ग्रिल होतं, त्यामुळे ते सरळ निघून गेलं आणि तुम्हाला कळलंही नाही. आता काच बंद आहे. ड्राय बाल्कनी असते केवढी, चार बाय पाच, फार तर चार बाय सहा फूट. एवढ्या जागेतली सगळी हवा काही मिनिटांतच एकदा मशीनमधून फिरून येते. दुसऱ्यांदा आत जाते ती ओली झालेली, तिसऱ्यांदा त्याहून ओली. शेवटी त्या हवेत आणखी पाणी घ्यायला जागाच उरत नाही, आणि मशीन तीच वाफ तीन तास घुसळत बसतं. भिंतीवरचे काळे ठिपके हे त्याच पाण्याचे आहेत.

बाहेरची दमट हवा आत येऊ नये म्हणून काच बंद ठेवायची, हा तुमचा विचार अगदी स्वाभाविक आहे. पावसाळ्यात ड्रायर वापरणारे बहुतेक जण असंच करतात. म्हणून जरा आकड्यांत सांगतो. जुलैच्या पावसात ठाण्याची हवा २८ अंश तापमानाची आणि ९० टक्के आर्द्रतेची आहे असं धरा. आपल्याला ती चिकट, नकोशी वाटते. पण हीच हवा हीटरवरून जाऊन ६० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली येते, कारण तापलेली हवा कितीतरी जास्त पाणी पेलू शकते. म्हणजे धो धो पाऊस पडत असतानाही बाहेरची हवा ड्रायरला उत्तम चालते. बंद बाल्कनीतली हवा मात्र अर्ध्या तासात ३८-४० अंशांवर जाते आणि वाफेनं गच्च भरते. तिच्यात बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट पाणी आधीपासूनच असतं. बाहेरची दमट हवा तुमच्या ड्रायरची मित्र आहे, तिला आत येऊ द्या.

तेव्हा पहिलं काम फुकटचं आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी स्लायडिंग पूर्ण सरकवा. निम्म्याहूनही थोडा कमी लोड घ्या, म्हणजे सुती शर्ट, गाऊन, बाळाची दुपटी असे दोन-अडीच किलो कपडे. जीन्स आणि टर्किश टॉवेल त्या दिवशी नकोत. ड्रायर एक तास लावा. दहा-पंधरा मिनिटं झाली की जिथून हवा बाहेर पडते तिथे हात धरून बघा. हवा जोरात येतेय, गरम आहे आणि हाताला दमट लागतेय, तर मशीन ठणठणीत आहे आणि दोष सगळा बंद काचेचा होता. हवा गरम आहे पण जेमतेम फुंकर मारल्यासारखी येतेय, तर वाट कुठेतरी तुंबलीय. आणि हवा जोरात येतेय पण गार किंवा कोमटच आहे, तरच संशय हीटरकडे किंवा त्याचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटकडे जातो. टेक्निशियननं एवढं केलं असतं तरी त्याला कळलं असतं.

माझा अंदाज, तुमच्याकडे पहिलं आणि दुसरं दोन्ही थोडं थोडं असणार. वर्षभराच्या वापरात तंतू साठतातच. कपडे ड्रममध्ये आपटून जो बारीक भुगा निघतो, त्यासाठी जाळी दिलेली असते. काही मशीनमध्ये ती दाराच्या चौकटीत असते, काहींत ड्रमच्या मागच्या भिंतीवर गोल झाकणाखाली. ती प्रत्येक फेरीनंतर साफ करायची. आठवड्यातून एकदा नाही, प्रत्येक फेरीनंतर. तुम्ही करत असालही. पण जाळी दिसायला स्वच्छ असूनही बंद असू शकते, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सुगंधासाठी आपण शेवटच्या पाण्यात जे फॅब्रिक कंडिशनर घालतो, त्याचा मेणासारखा पातळ थर जाळीच्या बारीक भोकांवर बसत जातो. बघायची युक्ती सोपी आहे. जाळी काढून सिंकमध्ये नळाखाली आडवी धरा. पाणी सरळ खाली गेलं तर ठीक. जाळीवर तळं साचलं, तर हवाही तशीच अडत असणार. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन हलक्या हातानं घासा, पूर्ण वाळवा, मगच परत बसवा. ओली जाळी लावून मशीन चालवलं तर तंतू तिला चिकटून बसतात. आणि बाळाच्या कपड्यांना कंडिशनर घालत असाल तर ते बंदच करा. त्यानं सुती लंगोटाची पाणी शोषायची ताकदही कमी होते.

जाळीनंतर मशीनची पाठ आणि पोट. स्विच बंद करून प्लग काढा आणि जिथून मशीन हवा आत ओढतं त्या फटींवर टॉर्च मारून बघा. भिंतीला लावलेल्या ड्रायरच्या मागे जागा कमी असते, आणि बाल्कनीत केरसुणी, बादल्या, कांदे-बटाट्यांची टोपली हे सगळं हळूहळू सरकत त्याच्या अंगाला टेकतं. फटींवर धुळीची आणि तंतूंची गोधडी बसलेली दिसली तर व्हॅक्यूम क्लीनरनं किंवा मऊ ब्रशनं काढा. आतली सफाई, म्हणजे पंखा आणि हीटरच्या आसपासची, ही मात्र वर्षातून एकदा माहीतगार माणसाकडून मशीन उघडून करून घ्यायची. पावसाळ्याआधी, मे महिन्यात. साडेचार हजारांच्या हीटरऐवजी सध्या टेक्निशियनला हे काम सांगा.

आता काचेचा प्रश्न. पावसाची झड आत येते म्हणून स्लायडिंग लावलंत, तेव्हा दर वेळी ते सताड उघडा म्हणणं काही खरं नाही. यावर कायमचा उपाय असा, की ज्या माणसानं स्लायडिंग बसवलं त्यालाच बोलावून वरच्या भागातली एक काच काढून तिथे एसीपी शीट (ॲल्युमिनियमच्या थरांचा पातळ पत्रा) किंवा ॲक्रिलिकचा तुकडा बसवून घ्या, आणि त्यात ड्रायरच्या पाइपच्या मापाचं गोल भोक पाडा. एक्झॉस्ट फॅनसाठी करतात तसंच. बहुतेक ड्रायरचा पाइप चार इंची असतो, तरी तुमचं माप आधी घ्या. पाइप जितका आखूड आणि सरळ तितका चांगला. दोन वळणांच्या वर वळणं नकोत, आणि मशीनच्या मागे तो चेपलेला नको. पातळ प्लॅस्टिकच्या सुरळीपेक्षा ॲल्युमिनियमचा घ्या. बाहेरच्या टोकाकडे किंचित उतार द्या, म्हणजे आत वाफेचं पाणी झालं तरी ते बाहेर जाईल, मशीनमध्ये उलटं येणार नाही. टोकाला हवेनं उघडणारी आणि एरवी मिटणारी झडप लावा. कबुतरांच्या भीतीनं तिथे मच्छरदाणीची बारीक जाळी लावायचा मोह होईल, पण ती काही आठवड्यांत तंतूंनी लिंपून जाते आणि आपण होतो तिथेच येतो. कबुतर शिरणार नाही एवढ्या मोठ्या भोकांची जाळी चालेल, पण ती महिन्याला हात लावून साफ करता आली पाहिजे. अकराव्या मजल्यावर बाहेर वाकून ती साफ करायची वेळ येऊ नये, म्हणून आतून पाइप सहज सुटेल असं जोडून घ्या. इमारतीच्या बाहेरच्या बाजूला काही दिसणार असेल तर सोसायटीच्या कमिटीला आधी विचारा. आणि तुमची गरम, ओली हवा शेजारच्यांच्या खिडकीत किंवा त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर जाणार नाही ना, तेही बघा.

एक गोष्ट अजिबात करू नका. बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये हा पाइप सोडू नका. दुसरी काळजी गॅस गीझरची. आपल्याकडे ठाण्या-नवी मुंबईत पाइप गॅस आल्यापासून गॅस गीझर बरेच झालेत, आणि पुष्कळ घरांत ते ड्राय बाल्कनीतच लावलेले असतात. व्हेंटेड ड्रायर हवा बाहेर फेकतो तेव्हा तितकीच हवा आत ओढली जाते. जागा बंद असेल आणि जवळच गॅस गीझर पेटलेला असेल, तर त्याचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. तुमच्या पत्रात गॅस गीझरचा उल्लेख नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी हे दोन्ही कधीही एकाच वेळी चालवू नयेत, आणि खिडकी उघडी असल्याशिवाय तर मुळीच नाही.

हवेची वाट मोकळी झाली की वेळ बराच खाली येईल. तो आणखी खाली आणायचा असेल तर वॉशिंग मशीनकडे वळा. पाणी वाफ करून काढण्यापेक्षा ते पिळून काढणं कितीतरी स्वस्त पडतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला अशा ड्रायरला साधारण एक युनिट वीज लागते. तेच पाणी वॉशिंग मशीनच्या जोरदार स्पिननं जवळपास फुकटात निघतं. घाईचा किंवा नाजूक कपड्यांचा प्रोग्राम लावला असेल तर बरीच मशीन मिनिटाला ६०० किंवा ८०० फेऱ्यांवरच पिळतात. तो आकडा सुती कपड्यांसाठी १००० किंवा १२०० वर न्या, किंवा शेवटी नुसतं स्पिन पुन्हा एकदा लावा. एका लोडमागे अर्धा लिटर पाणी सहज कमी होतं. तुमचा ड्रायर साधारण २००० वॅटचा धरू. सध्या तो रोज तीन तास चालतोय. थर्मोस्टॅट मधून मधून हीटर बंद करतो असं धरलं तरी हा रोजचा चार-पाच युनिटांचा खर्च आहे, महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट. महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्या ओलांडल्या की पुढचं युनिट महाग होत जातं. जुलैचं बिल काढून बघाल तर हे तिथेही दिसेल.

लोडबद्दल एवढंच, की सहा किलोचा ड्रायर म्हणजे सहा किलो सुती कपडे कोंबायचे असं नाही. कपड्यांना ड्रममध्ये वर जाऊन खाली पडायला जागा हवी. निम्मा ड्रम भरला की थांबा. डबल बेडची चादर एकटीच लावा, नाहीतर ती गोळा होते आणि पोटात बाकीचे कपडे ओलेच गुंडाळून ठेवते. जाड कपडे जाडांबरोबर, पातळ पातळांबरोबर.

आता एमसीबी. हा भाग मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण पडलेली एमसीबी वर करून पुढे जायची आपल्याला सवय असते. पुढच्या वेळी पडली की वर करण्याआधी नीट बघा, नेमकी कुठली पडलीय. डीबीमध्ये, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, एक जरा रुंद स्विच असतो, ज्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. ती आरसीसीबी, म्हणजे वीज कुठेतरी गळतेय हे ओळखून बंद होणारी. ती पडत असेल तर ड्रायर पुन्हा लावूच नका. हीटरला ओल लागली असेल किंवा वायरचं आवरण गेलं असेल. इलेक्ट्रिशियननं तपासेपर्यंत प्लग काढून ठेवा. बाळाचे कपडे तुम्ही ओल्या हातानं त्याच मशीनमधून काढता, म्हणून यात सवलत नको.

बारीक एमसीबी पडत असेल तर बहुधा भार जास्त होतोय. सकाळीच पडते असं लिहिलंत, म्हणून गीझर आठवला. २००० वॅटचा ड्रायर ९ अँपिअरच्या आसपास घेतो. स्वयंपाकघरातला किंवा बाथरूममधला ३००० वॅटचा इन्स्टंट गीझर १३ घेतो. दोन्ही एकाच लाइनवर आले तर २२ होतात, आणि एमसीबी १६ ची असेल तर ती एवढं पेलत नाही. अशा जादा भारावर ती लगेच पडत नाही, काही वेळ तापून मग पडते, त्यामुळे दोष ड्रायरचा वाटतो. दोघांच्या वेळा वेगळ्या करून बघा. इलेक्ट्रिशियनला बोलवाल तेव्हा ड्रायरसाठी डीबीपासून वेगळी लाइन ओढता येईल का, तेही विचारा. एमसीबी पडते म्हणून तिच्या जागी मोठ्या अँपिअरची बसवून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. वायर तीच राहिली तर मग एमसीबीऐवजी भिंतीतली वायर तापेल. ड्रायर जाड पिनांच्या १६ अँपिअरच्या पॉइंटलाच हवा, एक्स्टेंशन बोर्डवर नाही. अर्धा तास चालल्यावर मशीन बंद करून प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल किंवा सॉकेट पिवळसर-तपकिरी झालं असेल तर सॉकेट बदलायला झालंय.

एवढं सगळं करूनही हवा जोरात पण कोमटच येत राहिली, तर मग हीटर बघू. काही ड्रायरमध्ये दोन कॉइल असतात. त्यातली एक गेली की कपडे थोडेफार गरम होतात, पण वाळायला दुप्पट वेळ घेतात. त्यामुळे टेक्निशियनची शंका शंभर टक्के चूक असेलच असं मी म्हणत नाही. पण ती सिद्ध करायला मल्टिमीटर लागतो, आणि तो लावायला एक मिनिट पुरतं. प्लग काढून हीटरच्या दोन टोकांना मीटर लावायचा. २००० वॅटच्या चांगल्या हीटरचं रीडिंग २६ ओहमच्या आसपास येतं. १००० वॅटच्या दोन कॉइल असतील तर प्रत्येकीचं ५० ते ५५. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती कॉइल तुटली. हे तुमच्यासमोर करायला सांगा, आणि पार्ट बदलला तर जुना पार्ट मागून घ्या. चांगल्या कारागिराला यात अपमान वाटत नाही.

हीटरच्या शेजारी एक छोटा थर्मल फ्यूज किंवा कटआउट असतो. वाट तुंबून आतली उष्णता मर्यादेबाहेर गेली की तो उडतो आणि हीटर, कधी कधी सगळं मशीनच, बंद पडतं. हा पार्ट अगदी स्वस्त असतो, पण लगेच मिळत नाही. मग काही जण म्हणतात, ‘ताई, डायरेक्ट करून देतो, काही होत नाही.’ कृपा करून हे करू देऊ नका. तुमच्या घरात आग लागू नये म्हणून त्या मशीनमध्ये जी शेवटची सोय आहे, ती हीच. ती काढून टाकली की तंतूंनी भरलेल्या पेटीत तापलेली कॉइल उरते. अमेरिकेत घरोघरी ड्रायर असतात, आणि तिथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या नोंदींत ड्रायरच्या आगींचं सगळ्यात मोठं कारण सफाई न करणं हेच आहे. फ्यूज येईपर्यंत चार दिवस मशीन बंद राहू दे. जळका वास आला तर तिथल्या तिथे बंद करून प्लग काढा.

बाळाच्या कपड्यांबद्दल एक सांगायलाच हवं. मालिशचं तेल लागलेली दुपटी, टोपडी, मालिशचा टॉवेल, आणि दिवाळीत अभ्यंगाचे टॉवेल, हे नुसत्या गार पाण्यातून काढून ड्रायरमध्ये टाकू नका. तेल राहिलेलं सुती कापड गरम होऊन ढिगात पडलं की ते आतल्या आत आणखी तापत जाऊन पेट घेऊ शकतं. असे कपडे आधी गरम पाण्यात जास्तीच्या साबणानं धुवा, आणि तेलाचा वास जाईपर्यंत ड्रायरच्या वाटेला नेऊ नका. शेवटची काही मिनिटं मशीन हीटर बंद ठेवून नुसतं फिरतं, तीही याचसाठी असतात. कपडे वाळलेत असं वाटलं तरी ती पूर्ण होऊ द्या. आणि पावसात मध्येच लाइट गेले तर गरम कपडे ड्रममध्ये तसेच सोडू नका, लगेच काढून पलंगावर पसरा. ड्रायर लावून बाहेर जाणं किंवा रात्री झोपणं टाळा.

भिंतीवरचे काळे ठिपके ही बुरशी आहे. पाण्यात थोडं ब्लीच घालून फडक्यानं पुसा, त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, आणि त्या वेळी बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा. वाफेची वाट केली नाही तर बुरशी परत येईल.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. ज्यांच्याकडे कंडेन्सर किंवा हीट पंपाचे ड्रायर आहेत, त्यांना बाहेरची वाट लागत नाही. पाणी टाकीत जमतं. टाकी भरली किंवा नीट बसली नाही तर मशीन थांबतं, ते बिघडलेलं नसतं. त्यांची खालची कंडेन्सरची जाळी महिन्याला बघा. काढता येणारी असेल तर नळाखाली धुवा. हीट पंपाच्या ॲल्युमिनियमच्या पात्या फार नाजूक असतात, त्यांना मऊ ब्रशच लावायचा. कपडे ओलसर असतानाच मशीन ‘झालं’ म्हणत असेल तर ड्रमच्या आतल्या दोन धातूच्या पट्ट्यांवर कंडिशनरचा थर बसलाय, व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं पुसा. मोटर गुणगुणतेय पण ड्रम फिरत नाही, आणि प्लग काढून हातानं फिरवला तर एकदम सैल फिरतो, तर पट्टा तुटलाय. मशीन सुरूच होत नसेल तर दार पूर्ण लागलंय का ते बघा. दाराच्या खाचेत अडकलेली मोज्याची कड पुष्कळदा पुरेशी असते.

सासूबाईंचं म्हणणं मोडीत काढू नका, ते अर्धं तरी वापरण्यासारखं आहे. शर्ट, ओढण्या, पंजाबी ड्रेस असे पातळ कपडे दांडीवर पंख्याखाली एका रात्रीत वाळतात. टॉवेल, जीन्स आणि दुपटी यांना मात्र पावसाळ्यात दोन-दोन दिवस लागतात, आणि तेवढ्यात कुबट वास धरतो. ते थेट ड्रायरमध्ये घाला. ड्रायरवरचा भार कमी होईल.

आणि विकायचं की नाही, ते त्या भोकावर ठरवा. सोसायटीनं काचेत पाइप काढू दिला, तर हे मशीन तुम्हाला अजून बरीच वर्षं पुरेल. नाहीच परवानगी मिळाली, आणि पावसात काच उघडी ठेवणंही शक्य नसेल, तर बंद बाल्कनीत व्हेंटेड ड्रायर दर वर्षी हाच त्रास देणार. मग तो विकून हीट पंपाचा घ्या. किंमत बरीच जास्त आहे, पण वीज निम्म्याच्या आसपास लागते आणि वाफ बाल्कनीत येत नाही. तो आकारानं मोठा आणि वजनदार असतो, भिंतीला टांगता येत नाही, तेव्हा वॉशिंग मशीनवर स्टँड घेऊन तो मावेल का, याची मापं दुकानात जायच्या आधी घ्या. जुना विकताना घेणाऱ्याला सांगा, की याला हवा बाहेर जायला वाट लागते.